टर्बो पेट्रोल गाडीत १०० ऑक्टेनचं पेट्रोल टाकलं तर पिकअप वाढेल का?

थोडक्यात: बहुतेक १.० आणि १.२ लिटर टर्बो गाड्यांमध्ये जाणवेल इतका नाही. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलमधली ताकद नव्हे. दाब आणि उष्णता वाढली तरी ठिणगी पडण्याआधी किंवा भलत्या ठिकाणी आपोआप पेट न घेण्याची ती क्षमता.

टर्बो हवा दाबून सिलिंडरमध्ये भरतो, त्यामुळे नॉकिंगची, म्हणजे पेट्रोलने असा अवेळी पेट घेण्याची, शक्यता वाढते. खंबाटकी घाट चढताना चौथ्या गिअरमध्ये, १५०० आरपीएमला पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबून बघा. इंजिनातून खडे वाजल्यासारखा टकटक आवाज येऊ शकतो. नॉक सेन्सरला ते कळतं आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) इग्निशन मागे घेतो, म्हणजे ठिणगी थोडी उशिरा पाडतो, गरज पडली तर बूस्टही (टर्बोने दिलेला हवेचा दाब) कमी करतो. इंजिन वाचतं, पण गाडी मरगळते. जास्त ऑक्टेनमुळे फायदा होतो तो इथे: ही माघार कमी घ्यावी लागते. कंपनीने इंजिनाचं ट्यूनिंग ९१ ऑक्टेनला धरून केलं असेल, तर त्यापुढे मिळण्यासारखं फारसं काही उरत नाही.

आणखी एक गोष्ट. आता पंपावर मिळणारं साधं ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोलच ९५ ऑक्टेनच्या आसपास असतं, कारण इथेनॉलचं ऑक्टेन मुळातच जास्त. (मायलेज थोडं घटतं ते वेगळं, इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी असते.) त्यामुळे निव्वळ आकडा बघून ९५ च्या प्रीमियमला जादा पैसे मोजण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

फ्युएल लिडच्या आतला स्टिकर वाचा. तिथे ९८ लिहिलं असेल, किंवा स्टेज १ रीमॅप (ताकद वाढवण्यासाठी ईसीयूच्या प्रोग्राममध्ये केलेला बदल) केला असेल, तर १०० भरा.