वेल्डिंगचं हेल्मेट आणि डोळे: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

गळीत हंगाम तोंडावर आला की शिरोळ, हातकणंगले, कागलच्या वर्कशॉपमध्ये ऊस ट्रॉल्यांची डागडुजी सुरू होते आणि लाल डोळ्यांची माणसं दवाखान्यात यायला लागतात. प्रश्न दरवर्षी तेच. म्हणून एकत्रच उत्तरं देतो.

काच जितकी काळी तितकी चांगली ना? (शिरोली)

नाही. काचेच्या काळेपणाचा नंबर अँपिअरवर ठरतो. १०० ते १५० अँपिअरवर रॉड चालवत असाल तर १० किंवा ११, २०० च्या वर १२. गॅस कटिंगला ३ ते ६ पुरतो. फार काळ्या काचेतून वितळलेल्या लोखंडाचा रस दिसत नाही, मग माणूस काच वर करून डोकावतो. काम संपल्यावर डोळ्यासमोरचा ठिपका काही तासांत गेला नाही तर डोळ्याच्या आतला पडदा तपासून घ्या.

ऑनलाइन स्वस्तातलं, आपोआप काळं पडणारं ऑटो हेल्मेट चालेल का? काळं तर झटकन पडतं. (उद्यमनगर)

काळं पडण्यावरून काहीच सिद्ध होत नाही. डोळा जाळणारे अतिनील आणि अवरक्त किरण दिसतच नाहीत. चांगला फिल्टर, म्हणजे हेल्मेटची काळी पडणारी काच, ते उजळ असतानाही अडवतो. खोक्यावरच्या चकचकीत स्टिकरवर जाऊ नका. फिल्टरवरच ईएन ३७९ किंवा आयएसओ १६३२१ हे मानक आणि बनवणाऱ्याची खूण छापलेली आहे का बघा. 'त्याच कंपनीचा माल आहे, फक्त नाव वेगळं' असं दुकानदार म्हणाला तर पुढच्या दुकानात जा.

काँटॅक्ट लेन्स आर्कनं (वेल्डिंगच्या प्रखर झोतानं) डोळ्याला चिकटते म्हणे?

खोटं आहे. तरी धुरात, धुळीत लेन्स नको, हेल्मेटखाली चष्मा लावा.

टॅक (वेल्डिंगचा छोटा टाका) मारताना प्रत्येक वेळी हेल्मेट कोण घालणार? डोळे मिटून मारतो. रात्री वाळू गेल्यासारखं होतं, बटाट्याच्या चकत्या ठेवतो, नाहीतर मेडिकलमधून थेंब आणतो. सकाळपर्यंत उतार पडतो. मग बिघडलं कुठं? (कागल)

बरंच बिघडतं. डोळे मिटेपर्यंत आर्क पेटलेला असतो, आणि शेजारचा टॅक मारतो तो वेगळाच. दिवसभरातला एकेक टॅक साठत जातो. त्रास सुरू होतो साधारण सहा ते बारा तासांनी, त्यामुळे कामावर कुणाला काही कळत नाही. अशा डोळ्यात आम्ही रंग घालून निळ्या उजेडात बघतो, तेव्हा पापण्यांच्या फटीत उघड्या राहणाऱ्या पट्ट्यात हिरवे ठिपकेच ठिपके चमकतात. तिथली वरची नाजूक साल गेलेली असते. ती बहुधा एक-दोन दिवसांत आपोआप भरून येते आणि श्रेय मात्र बटाट्याला मिळतं. बटाटा, दूध, गुलाबपाणी यातलं काहीही त्या जखमेवर घालू नका.

त्याहून मला भीती आहे ती थेंबांची. टाकल्या टाकल्या दुखायचं थांबवणारे थेंब बहुधा डोळा बधिर करणारे असतात. तपासताना एखादा थेंब आम्हीही घालतो, पण घरी कधीच देत नाही. ते पुन्हापुन्हा घातले तर साल भरत नाही, व्रण पडतो, नजर कायमची जाऊ शकते. शिवाय दुखतंय ते वेल्डिंगमुळेच हे तुम्ही कशावरून ठरवलं? ग्राइंडिंगचा लोखंडी कण रुतला असेल तर त्याभोवती लवकरच गंजाचं कडं धरतं, आणि बधिर डोळ्याला तो टोचतसुद्धा नाही. एकाच डोळ्यात दुखत असेल किंवा नजर अंधूक झाली असेल तर लगेच, आणि २४ तासांत उतार नसेल तरीही, कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाचा नेत्रविभाग गाठा किंवा जवळच्या नेत्रतज्ज्ञाकडे जा. हप्त्याच्या सुट्टीची वाट बघू नका. चिठ्ठीशिवाय थेंब पुढे करणाऱ्या मेडिकलवाल्याला ते परत द्या.

टॅकसाठीच तर ऑटो हेल्मेट घ्यायचं. काच खालीच असते, तरी जॉब (जोडायचा भाग) दिसतो. आणि त्याच्या आत साधा सेफ्टी गॉगल हवाच, कारण हेल्मेट वर केलं की वेल्डिंगवरची खपली झाडताना कण उडतो. जॉब धरणाऱ्या पोरालाही हेल्मेट द्या.

काच थिनरनं पुसली तर?

नको. साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेलं मऊ फडकं पुरे. फिल्टर पाण्यात बुडवायचा नाही. बाहेरची पारदर्शक प्लेट ठिणग्यांनी खरबरीत झाली की बदला. ती स्वस्त असते, तिच्याविना फिल्टर खराब होतो. काम सुरू करण्याआधी टेस्टचं बटण दाबून बघा. काच काळी पडायला आळस करत असेल तर सेन्सर पुसा, सेल बदला. तरीही तसंच असेल तर ते हेल्मेट वापरू नका.

फिल्टरला बारीक तडा आहे. एम-सील लावून हंगाम काढता येईल?

नाही. आजच बदला. आणि त्या तड्यातून किती दिवस काम केलंत ते नेत्रतज्ज्ञाला सांगून डोळे तपासून घ्या.