घरबसल्या बॅबिलोनी पाट्या वाचायच्या असतील तर

तुमचे प्रश्न दोन आहेत. बॅबिलोनी लोकांच्या अक्कडियन भाषेचा गंध नसताना आणि लंडन-बर्लिनच्या संग्रहालयांत जाणं शक्य नसताना क्युनिफॉर्म, म्हणजे पाचरीसारख्या खुणांच्या लिपीतल्या मातीच्या पाट्या मुळातून अभ्यासता येतील का? आणि भाषांतर एआयकडून करून घेतलं तर चालेल का? पहिल्याचं उत्तर हो. दुसऱ्याकडे शेवटी येतो.

साइट्सच्या याद्या जमवत बसू नका. त्या बुकमार्कमध्ये पडून राहतात. एक पाटी निवडा आणि तिचा नंबर पकडा. एकाच पाटीला बहुधा तीन ओळखी असतात: संग्रहालयाचा क्रमांक, ती ज्या ग्रंथात छापली गेली तिथला क्रमांक, आणि सीडीएलआयचा 'पी'ने सुरू होणारा सहा आकडी क्रमांक. सीडीएलआय म्हणजे क्युनिफॉर्म डिजिटल लायब्ररी इनिशिएटिव्ह. तीन लाखांहून जास्त पाट्यांची नोंद तिथे आहे आणि तिचे पी-क्रमांक दुसरे प्रकल्पही वापरतात. एक नंबर सापडला की फोटो, लिप्यंतर, भाषांतर असं एकेक हाती लागत जातं.

पहिली पाटी मी सुचवतो: येल विद्यापीठाच्या संग्रहातली वायबीसी ७२८९. तळहातावर मावेल अशी गोलसर, जुन्या बॅबिलोनी काळातली, बहुधा एखाद्या विद्यार्थ्याच्या सरावाची. तिच्यावर वाक्य एकही नाही. एक चौरस, त्याचे कर्ण आणि आकडे. उभी खूण म्हणजे १, कोपऱ्यासारखी खूण म्हणजे १०. एवढ्या भांडवलावर फोटो मोठा करून बसा. चौरसाच्या एका बाजूला ३० दिसेल. कर्णावर १, २४, ५१, १० आणि त्याखाली ४२, २५, ३५. आता ६० चा पाया धरून हिशोब करा: १ + २४/६० + ५१/३६०० + १०/२१६०००. उत्तर १.४१४२१ येतं, म्हणजे दोनचं वर्गमूळ, पाच दशांश स्थळांपर्यंत बरोबर. त्याला ३० ने गुणलं की खालचा आकडा, कर्णाची लांबी. अपूर्णांक कुठे सुरू होतो हे दाखवणारी खूणच त्यांच्याकडे नव्हती, ते संदर्भावरून ठरवावं लागतं. एवढं जमलं की तुम्ही मूळ पाटी वाचलीत, कोणाच्या भाषांतराशिवाय.

सीडीएलआयवरचे बरेच फोटो फुलीच्या आकारात जोडलेले असतात: पुढची बाजू, भोवती कडा, खाली मागची बाजू. पाटी वहीच्या पानासारखी आडवी उलटत नाहीत, खालच्या कडेवरून वर उलटतात. म्हणून ही मांडणी. काही नोंदींत फोटो नसतो, फक्त हाताने काढलेली रेखाटनं असतात. रेखाटन म्हणजे त्या अभ्यासकाचं मत, पुरावा नव्हे. खुणा पुसट असतील तर मी फोटोशिवाय कशावरही विश्वास ठेवत नाही.

दुसरी पाटी भाषेची घ्या: ब्रिटिश म्युझियममधली बीएम १३१२३६. उर शहरातल्या एआ-नासिर या व्यापाऱ्याला नन्नी नावाच्या गिऱ्हाइकाने लिहिलेलं तक्रारीचं पत्र, इ.स.पू. १७५० च्या आसपासचं. तांबं निकृष्ट दिलं आणि वर माझ्या माणसाचा अपमान केला, अशी तणतण आहे. सुरुवात 'अना एआ-नासिर किबीमा, उम्मा नन्नीमा' अशी: एआ-नासिरला सांग, नन्नी असं म्हणतो. त्या काळातली शेकडो पत्रं याच साच्यात सुरू होतात, त्यामुळे एक पाठ झालं की बाकीच्यांची पहिली ओळ फुकटात. लिप्यंतरात 'श'साठी रोमन 'एसझेड' दिसेल आणि अक्षरापुढे आकडे दिसतील. एकाच उच्चाराची अनेक चिन्हं असतात, त्यातलं कुठलं ते आकडा सांगतो. तो उच्चारायचा नसतो.

पुढे ओरॅक, क्युनिफॉर्म मजकूर शब्दागणिक टिपांसकट देणारी साइट. तिथल्या शब्दावर क्लिक केलं की अर्थ आणि तो शब्द आणखी कुठे आलाय ते समोर येतं. गिल्गमेश महाकाव्यासारखं वाङ्मय हवं असेल तर म्युनिकचा ईबीएल हा बॅबिलोनी वाङ्मयाचा डिजिटल संग्रह, जो २०२३ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. फुटक्या तुकड्यांचा शोध घेण्यासाठी त्याच्या तोडीचं दुसरं काही नाही. शब्दकोश म्हणून शिकागो असिरियन डिक्शनरी. काम १९२१ ला सुरू झालं, शेवटचा खंड २०११ ला आला, सगळे खंड पीडीएफमध्ये मोफत आहेत. नावावर जाऊ नका, बॅबिलोनी शब्दही त्यातच आहेत.

आपल्याकडचे बरेच जण इथे 'मेलुह्हा' शोधायला येतात. शोधा, पण काळाचा फिल्टर लावून. इ.स.पू. तिसऱ्या सहस्रकातल्या लेखांत मेलुह्हा म्हणजे बहुतेक अभ्यासकांच्या मते सिंधू खोऱ्याचा प्रदेश. पहिल्या सहस्रकातल्या असिरियन राजांच्या लेखांत तेच नाव इजिप्तच्या दक्षिणेकडच्या प्रदेशाला लावलेलं आहे. दोन्ही एकत्र करून लिहिलेले लेख व्हॉट्सअॅपवर भरपूर फिरतात.

आता एआय. २०२३ मध्ये अक्कडियनवरून इंग्रजीत भाषांतर करणाऱ्या मॉडेलवर शोधनिबंध आला. ते ओरॅकच्याच मजकुरावर शिकवलेलं होतं. छोट्या वाक्यांवर ते बरं चालतं, लांबलचक मजकुरावर घसरतं. सर्वसाधारण चॅटबॉटला पाटीचा नुसता फोटो देऊन भाषांतर मागणं मात्र मला धोक्याचं वाटतं. वाचता न आलेली ओळही तो सफाईदार वाक्याने भरून टाकू शकतो, आणि पाटी तिथे फुटलेली आहे हे तुम्हाला कळणारही नाही. लिप्यंतर समोर ठेवा, चौकटी कंसातला भाग म्हणजे तुटलेली जागा हे लक्षात ठेवा, आणि मग त्याला व्याकरण विचारा.

वायबीसी ७२८९ चा हिशोब अडला तर कोणता आकडा वाचता येत नाही ते पाटीच्या नंबरसकट इथेच लिहा, बघतो.