मॅनेजमेंट कोट्यातून कॉम्प्युटर की कॅपमधून ई अँड टीसी: दहा लाखांचे कर्ज काढावे का?

तुमच्या मुलीला कॅप (शासनाची केंद्रीभूत प्रवेशप्रक्रिया) फेरीत पुण्यातील एका महाविद्यालयात ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स व दूरसंचार) अभियांत्रिकी शाखा मिळाली आहे. त्याहून नावाजलेल्या दुसऱ्या महाविद्यालयात मॅनेजमेंट कोट्यातून कॉम्प्युटरची जागा मिळू शकते आणि त्यासाठी शुल्क व वसतिगृह धरून १० लाखांचे शैक्षणिक कर्ज काढावे का, असे तुम्ही विचारले आहे. घर शेतीवर चालते, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) प्रमाणपत्र हाताशी आहे आणि वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे, असेही तुम्ही लिहिले आहे. पुण्यातील एका बँकेच्या शाखेत मी बरीच वर्षे शैक्षणिक कर्जाची प्रकरणे हाताळली आहेत. त्या अनुभवावरून माझे स्पष्ट मत आहे की कॅपची जागा सोडू नये.

आधी कर्जाचे पाहू. दरवर्षी अडीच लाखांची उचल, १० टक्के सरळव्याज आणि शिक्षणाची चार वर्षे अधिक एक वर्ष हप्त्यांतून सूट असे धरले, तर पहिला हप्ता येईपर्यंत सुमारे साडेतीन लाख व्याज चढलेले असते आणि फेड सुरू होते ती साडेतेरा लाखांवर. दहा वर्षांची मुदत घेतली तर हप्ता सुमारे १७,८०० रुपयांचा बसतो. पंधरा वर्षांची घेतली तर तो साडेचौदा हजारांवर येतो खरा, पण एकूण परतफेड २१ लाखांवरून २६ लाखांवर जाते.

आता मिळकत. मोठ्या आयटी सेवा कंपन्या नवख्या अभियंत्याला सर्वसाधारण पदावर वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास देतात, आणि हा आकडा गेल्या दहा-बारा वर्षांत जवळजवळ हललेला नाही. भविष्यनिर्वाह निधी, व्यवसाय कर वगैरे जाऊन हातात पंचवीस हजार पडतात. हिंजवडीत नोकरी आणि वाकडला तिघींत मिळून घेतलेला फ्लॅट असला, तरी भाडे, मेस आणि जाणे-येणे यांत त्यातले बारा-तेरा हजार सहज जातात. उरलेल्या रकमेत १७,८०० चा हप्ता बसत नाही. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर मिळणाऱ्या, ८०-ई म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आयकर वजावटीचा आधार अनेक पालक धरतात, परंतु ती सवलत जुन्या करप्रणालीतच आहे, आणि एवढ्या पगारावर मुळात कर लागतच नसल्याने तिचा उपयोग शून्य.

शिवाय नोकरीचे पत्र मिळाले म्हणजे पगार सुरू झाला असे होत नाही. २०२२ आणि २०२३ मध्ये अनेक मुलांची रुजू होण्याची तारीख महिनोन्‌महिने पुढे गेली; कर्जाची सवलतमुदत मात्र कोणासाठी थांबली नाही. माझ्यासमोर असे वडील बसलेले मला आठवतात, ज्यांनी मुलाच्या कर्जाला सहकर्जदार म्हणून सही केली होती. हप्ता थकून ९० दिवस उलटले, खाते एनपीए म्हणजे थकीत कर्ज ठरले, मुलाबरोबर त्यांचाही सिबिल (कर्जफेडीचा गुणांक) खराब झाला आणि पुढच्या हंगामाचे पीककर्ज अडले. शेतकरी कुटुंबाने हा धोका पगाराच्या हिशेबाइतकाच गांभीर्याने घ्यावा, असे मला मनापासून वाटते. साडेसात लाखांवरच्या कर्जाला बँका सहसा तारणही मागतात, आणि शेतजमीन त्यासाठी बहुधा चालत नाही, म्हणजे राहते घर गहाण पडते.

दुसऱ्या बाजूला, राज्य शासनाच्या जुलै २०२४ च्या निर्णयानुसार ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. ही सवलत कॅपमधून घेतलेल्या प्रवेशालाच मिळते, मॅनेजमेंट कोट्याला नाही. म्हणजे तुमच्या मुलीचा खर्च मुख्यतः राहण्या-जेवणाचा उरतो. अल्पभूधारक असाल तर पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्यासाठीही महाडीबीटी या शासकीय संकेतस्थळावर अर्ज करावा. चार वर्षांत तीन लाखांचे कर्ज लागले, तरी त्याच हिशेबाने हप्ता ५,३५० रुपये येतो, आणि एवढ्या कर्जाला तारणही लागत नाही.

कॉम्प्युटर शाखा हुकल्याची तुमची खंत मी समजू शकतो. मात्र मोठ्या सेवा कंपन्या ई अँड टीसीच्या मुलांनाही त्याच परीक्षेतून, त्याच पगारावर घेतात. डेटा स्ट्रक्चर्स, डेटाबेस आणि एखादी भाषा पक्की करण्यासाठी चार वर्षे पुरेशी आहेत, फक्त दुसऱ्या वर्षापासून तिला ते जाणीवपूर्वक, अभ्यासक्रमाबाहेर करावे लागेल, आणि हे कष्ट कमी नाहीत.

महाविद्यालयाच्या फलकावरचे सर्वोच्च पॅकेज पाहू नका. एनआयआरएफला (केंद्र सरकारची महाविद्यालयांची क्रमवारी) दिलेली माहिती महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर असते. तीत किती विद्यार्थी वेळेत उत्तीर्ण झाले, किती जणांना नोकरी लागली आणि त्यांचे मध्यक वेतन (निम्म्यांना ज्याहून जास्त आणि निम्म्यांना कमी मिळते तो पगार) किती, हे तिन्ही आकडे मिळतात. ते शाखानिहाय नसतात, म्हणून प्लेसमेंट विभागाकडून कॉम्प्युटरचा आकडा वेगळा मागून घ्या. ठरलेल्या शुल्काखेरीज कोणी रोखीने रक्कम मागितली, तर १९८७ च्या राज्य कायद्याने ती घेण्यास बंदी आहे, आणि पावतीशिवायच्या पैशाला बँक कर्ज देत नाही, हेही ध्यानात असू द्या. मॅनेजमेंट कोट्याच्या त्या महाविद्यालयातील कॉम्प्युटरचे मध्यक वेतन साडेसहा-सात लाखांच्या पुढे असेल, बहुतेक मुलांना खरोखर नोकरी लागत असेल आणि घर गहाण न टाकता कर्ज उभे राहत असेल, तरच मी माझे मत बदलेन.