राष्ट्राध्यक्ष नेमतो, पण काढू शकत नाही

तुम्ही विचारलंय, "इमिग्रेशन जजना नोकरीवरून काढल्याच्या बातम्या येतात, म्हणजे अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष नकोशा फेडरल न्यायाधीशालाही घरी पाठवू शकतो का?"

नाही. इमिग्रेशन जज हे तिथल्या न्यायखात्याचे कर्मचारी. त्यांना त्या खात्याचा प्रमुख, म्हणजे अॅटर्नी जनरल नेमतो, त्यामुळे त्यांची खुर्ची सरकारच्या हातात असते. जिल्हा न्यायालय, अपील न्यायालय आणि सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश येतात घटनेच्या कलम ३ खाली. वर्तन चांगलं असेपर्यंत त्यांचं पद कायम. निवृत्तीचं वय नाही आणि पदावर असताना पगारही कमी करता येत नाही. निकाल आवडला नाही म्हणून सरकारने पोटावर पाय देऊ नये, यासाठीच ही तरतूद.

काढायचा मार्ग एकच, महाभियोग. संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, म्हणजे प्रतिनिधिगृहात, साध्या बहुमताने आरोप ठेवायचे आणि वरिष्ठ सभागृहात, म्हणजे सिनेटमध्ये, दोन तृतीयांश मतांनी दोषी ठरवायचं. आजवर १५ फेडरल न्यायाधीशांवर असे आरोप ठेवले गेले, त्यातले ८ पदावरून गेले. नेवाडाचे हॅरी क्लेबोर्न यांचं प्रकरण बघा. करचुकवेगिरीत दोषी ठरून १९८६ मध्ये ते तुरुंगात गेले, पण राजीनामा दिला नाही. कैदेत असतानाही न्यायाधीशाचा पगार चालूच! शेवटी ऑक्टोबरमध्ये सिनेटने त्यांना काढलं, तेव्हा तो थांबला. हे ऐकून चीड येते, मलाही येते. पण फौजदारी शिक्षेने पद आपोआप गेलं असतं, तर सरकारी वकिलांना हाताशी धरून न्यायाधीश हटवणं सोपं झालं असतं.

निकालांवरून काढायचा प्रयत्नही झालाय. सुप्रीम कोर्टाचे सॅम्युएल चेस यांच्यावर तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांच्या पक्षाने महाभियोग आणला. १८०५ मध्ये सिनेटमध्ये ते सुटले आणि १८११ मध्ये मृत्यू येईपर्यंत पदावर राहिले. मतं पटत नाहीत म्हणून न्यायाधीश काढायचा नाही, हा पायंडा तिथून पडला.

म्हणून सगळं राजकारण नेमणुकीच्या वेळी होतं. राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतो, सिनेटची न्यायिक समिती सुनावणी घेते, मग सभागृहात मतदान. पूर्वी चर्चा थांबवून मतदान घ्यायलाच ६० मतं लागत. खालच्या न्यायालयांसाठी ती अट २०१३ मध्ये गेली, सुप्रीम कोर्टासाठी २०१७ मध्ये. आता साधं बहुमत पुरतं. जिल्हा न्यायाधीशाच्या बाबतीत त्या राज्याचे सिनेटर ‘ब्लू स्लिप’, म्हणजे संमतीची निळी चिठ्ठी, अडवून नाव रोखू शकतात.

मार्च २०१६ मध्ये ओबामांनी सुप्रीम कोर्टासाठी मेरिक गार्लंड यांचं नाव दिलं. निवडणुकीचं वर्ष आहे म्हणत रिपब्लिकन सिनेटने साधी सुनावणीही घेतली नाही. २०२० मध्ये त्याच पक्षाने एमी कोनी बॅरेट यांना सुप्रीम कोर्टासाठी राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या आठच दिवस आधी मंजुरी दिली. घटनेत दोन्ही बसतं, पण मला हे अजिबात पटत नाही.

तेव्हा न्यायालयांचा कल समजून घ्यायचा असेल तर सिनेटमध्ये बहुमत कुणाचं आहे ते आधी बघा. राष्ट्राध्यक्ष चार किंवा आठ वर्षांनी जातो, त्याने नेमलेला न्यायाधीश मात्र तीस-तीस वर्षं निकाल देत राहू शकतो.