शेअर बाजारात अगदी नवखा आहे. ट्रेडिंग शिकायला सुरुवात कुठून करू?

डिमॅट खातं (शेअर ऑनलाइन ठेवायचं खातं) उघडा आणि निफ्टी ५० (पन्नास मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक) मधल्या एखाद्या ओळखीच्या कंपनीचा एकच शेअर डिलिव्हरीत घ्या, म्हणजे त्याच दिवशी न विकता खात्यात ठेवा. ऑर्डर लिमिटचीच टाका, म्हणजे जास्तीत जास्त किती भाव द्यायचा ते तुम्हीच ठरवा. संध्याकाळी ईमेलवर कॉन्ट्रॅक्ट नोट (सौद्याचा हिशेब) येईल, ती ओळ न् ओळ वाचा: ब्रोकरेज, एसटीटी (शेअरच्या सौद्यावरचा कर), स्टॅम्प ड्युटी, जीएसटी. एसटीटी घेतानाही ०.१ टक्का आणि विकतानाही तेवढाच. वर विकताना डीपी चार्ज, म्हणजे डिमॅट खात्यातून शेअर बाहेर काढायचं शुल्क. छोट्या सौद्यातला नफा कुठे मुरतो ते इथे कळतं, महागड्या कोर्समध्ये सहसा सांगत नाहीत.

फ्युचर्स-ऑप्शन्सकडे (शेअर किंवा निर्देशांकाच्या भावावर बेतलेले मुदतीचे करार) तूर्त फिरकूही नका. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीच्या २०२४ च्या अभ्यासात, आधीच्या तीन आर्थिक वर्षांत त्यात उतरलेले ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात निघाले. टेलिग्रामवरच्या टिप्सवाल्यांना तर सरळ ब्लॉक करा.