वाचकांचे प्रश्न : नदीकाठी आरव्हीतला मुक्काम

प्रश्न : मी आणि माझे पती, दोघेही साठी ओलांडलेले, जूनमध्ये मुलीकडे अमेरिकेत रोचेस्टरला जाणार आहोत. जावयांनी आरव्ही, म्हणजे स्वयंपाकघर, संडास आणि झोपण्याची सोय असलेली मोठी गाडी, भाड्याने घेऊन लेचवर्थ स्टेट पार्कमध्ये जेनेसी नदीकाठी मुक्काम करण्याचे ठरवले आहे. दोन लहान नातवंडेही बरोबर असतील. सगळे संसाराचे व्यवहार गाडीतच उरकायचे, या कल्पनेने दडपण आले आहे. शिवाय रात्री नदीला पाणी आले तर काय, ही धास्ती आहे. मार्गदर्शन करावे.
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागले की गळ्यापर्यंत, यावरून पुराचा अंदाज बांधणाऱ्या नाशिककरांच्या मनात नदीची धास्ती आधी यावी, हे स्वाभाविक आहे. मात्र लेचवर्थची भूमी गोदाकाठासारखी नाही. तेथे जेनेसीने खडक कापत खोल घळ तयार केली असून काही ठिकाणी तिची खोली 600 फुटांच्या जवळपास जाते, आणि गाड्या उभ्या करण्याचा हायबँक्स हा तळ त्या घळीच्या वरच्या सपाटीवर आहे. उद्यानाच्या उत्तर टोकाला माउंट मॉरिस येथे 1952 मध्ये पूर्ण झालेले धरण मुख्यतः पूर अडवण्यासाठीच बांधलेले असल्याने मोठ्या पावसानंतर घळीत पाणी तुंबलेले दिसते, पण ते आपल्या गाडीच्या चाकांपर्यंत येणार नाही. तेथे जपायचे ते कड्याला. कठड्यापलीकडे फोटोसाठीसुद्धा पाऊल टाकू नये आणि कड्याजवळून चालताना नातवंडांचे हात धरलेले असावेत. मोठे तिन्ही धबधबे दक्षिण भागात आहेत. त्यांपैकी मधला, 107 फुटांचा, फारशी चढउतार न करता पाहता येतो. खालच्या धबधब्यासाठी मात्र बऱ्याच पायऱ्या उतराव्या आणि पुन्हा चढाव्या लागतात, तेव्हा गुडघ्यांचा विचार करूनच निघावे.

आता गाडीविषयी. जावयांनी गाडी कोणती घेतली, यापेक्षा जागा कोणती मिळाली, हे आधी विचारावे. खासगी तळांवर अनेकदा वीज, नळाचे पाणी आणि सांडपाण्याची जोडणी अशा तिन्ही सोयी जागेवरच मिळतात. लेचवर्थ ज्या न्यूयॉर्क राज्यात आहे, तेथील स्टेट पार्कांत बहुतेक ठिकाणी जागेवर मिळते ती फक्त वीज. पाणी सार्वजनिक नळावरून गाडीच्या टाकीत भरून घ्यायचे आणि मैला व सांडपाणी निघताना ठरलेल्या ठिकाणी रिकामे करायचे. म्हणजे आपला सगळा मुक्काम तीन टाक्यांच्या भरवशावर असतो. भाड्याच्या मध्यम गाडीत स्वच्छ पाण्याची टाकी साधारण 40 गॅलन, म्हणजे 150 लिटरच्या आसपास असते. सांडपाण्याची आणि मैल्याची टाकी बहुधा त्याहून लहान. गरम पाण्याची टाकी तर अनेक गाड्यांत अवघी 6 गॅलनची, म्हणजे आपल्या अंघोळीच्या एका बादलीहून थोडी मोठी. सहा माणसांनी गाडीत अंघोळ करण्याऐवजी तळावरील सार्वजनिक न्हाणीघर वापरावे, हे उत्तम. ते स्वच्छ आणि गरम पाण्याचे असते.

संडासाबद्दल संकोच न करता लिहितो. पाण्याने स्वच्छता करण्याची आपली सवय सोडण्याचे कारण नाही. मैल्याच्या टाकीला भरपूर पाणी लागतेच, कारण कमी पाण्याने मैला तळाशी घट्ट बसतो आणि टाकी नीट रिकामी होत नाही. टाकी लवकर भरेल, एवढेच. गाडीसोबत मिळणारा, लवकर विरघळणारा कागद सोडून दुसरे काहीही आत टाकू नये. लहान मुलांना पुसण्याचे ओले रुमाल (वेट वाइप्स) तर मुळीच नकोत. टाकी रिकामी करताना हातमोजे घालावेत, जाड नळीचे टोक जमिनीतील तोंडात घट्ट बसवावे, आधी मैल्याची झडप उघडावी आणि ती टाकी पूर्ण रिकामी झाल्यावरच सांडपाण्याची, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी आपोआप धुतली जाते. पिण्याच्या पाण्याची नळी या कामापासून लांब ठेवावी. हे काम जावयांवर न सोपवता आपल्या यजमानांनीही शेजारी उभे राहून एकदा पाहून घ्यावे.

स्वयंपाक गाडीतील गॅसवर होतो आणि आपला प्रेशर कुकर तेथे उत्तम चालतो. इथला मिक्सर किंवा इंडक्शन शेगडी मात्र नेऊ नये; तेथील वीज 120 व्होल्टची आहे. जागेवर 30 अँपिअरची जोडणी असेल तर एकूण 3600 वॉटच मिळतात, त्यामुळे वातानुकूलन, मायक्रोवेव्ह आणि विजेवर चालणारा गीझर एकाच वेळी लावले की वीज गेलीच म्हणून समजा. लाल मिरचीची फोडणी त्या ठेंगण्या छताखाली दिली की धुराचा इशारा देणारे यंत्र कर्कश ओरडू लागते. तेव्हा पंखा लावून खिडकी उघडावी किंवा छोटी शेगडी बाहेरच्या बाकावर मांडावी. ताटे आधी कागदाने पुसून मग धुतल्यास आमटीचे तेल टाकीत जात नाही आणि वासही येत नाही. दशम्या, मेतकूट आणि भाजणी घरूनच करून न्यावीत. रात्री उरलेले अन्न बाहेर ठेवल्यास रकून हा प्राणी ते हमखास पळवतो. शेकोटीसाठी लाकडे रोचेस्टरहून न नेता तळाजवळ विकत घ्यावीत. झाडे पोखरणारे किडे पसरू नयेत म्हणून प्रक्रिया न केलेले जळाऊ लाकूड 50 मैलांपलीकडे नेण्यास त्या राज्यात बंदी आहे.

गाडी चालू असताना प्रत्येकाला पट्ट्याची जागा लागते, हे भाड्याने घेण्यापूर्वीच पाहावे. पलंग सहा जणांचे असले तरी पट्टे तितके असतीलच, असे नाही. धावत्या गाडीत आडवे होऊन आराम करता येत नाही.

प्रश्न : असा मुक्काम आपल्या गोदावरीकाठी करता येईल का?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : राज्य शासनाने 2021 मध्ये कॅराव्हॅन, म्हणजे अशाच राहण्याच्या गाड्यांतून होणाऱ्या, पर्यटनाचे धोरण जाहीर केले आहे आणि गंगापूर धरणाच्या जलाशयाकाठी पर्यटन महामंडळाचे निवासस्थानही आहे, तेथे आपली गाडी उभी करू देतील का, हे आधी विचारून घ्यावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे टाकी कोठे रिकामी करणार, याचे उत्तर निघण्यापूर्वी हाती असावे. गंगापूरचे पाणी नाशिक शहर पिते. तेथे साबणाचे भांडे विसळणेही मला मान्य नाही. पावसाळ्यात, विसर्ग सुरू असताना, पात्रालगत गाडी उभी करू नये. हिवाळ्यात पक्ष्यांसाठी नांदूर मध्यमेश्वरला जायचे असल्यास मुक्काम पाणथळ भागापासून दूर ठेवावा आणि पहाटे चालत जावे. जनित्राच्या आवाजाने आणि दिव्यांनी पक्षी बिथरतात.