वडिलांच्या संग्रहातील बीटल्सच्या ‘मेड इन इंडिया’ तबकड्या विकून नव्या घ्याव्यात का?

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे की, सोलापूरच्या जुन्या घराच्या माळ्यावर आपल्याला वडिलांनी जमवलेल्या बीटल्सच्या काही एलपी (म्हणजे अनेक गाण्यांच्या मोठ्या तबकड्या) आणि एक ७८ आरपीएमची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी तबकडी मिळाली आहे, सगळ्यांवर ‘मेड इन इंडिया’ असे लिहिले आहे, आणि त्या मूळ इंग्रजी प्रती नसल्यामुळे त्या विकून नव्या, स्वच्छ आवाजाच्या प्रती घ्याव्यात असे आपल्या मनात आहे. जुन्या तबकड्यांबद्दल लोकांना वाटणाऱ्या ओढीत खरोखर काही तथ्य आहे का, असेही आपण विचारले आहे. माझे उत्तर स्पष्ट आहे: विकू नका. कारणे सविस्तर सांगतो, पण त्याआधी एक काम आजच करा आणि त्या तबकड्या माळ्यावरून खाली आणा. सोलापूरच्या मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो आणि पत्र्याखालचा किंवा स्लॅबलगतचा माळा त्याहूनही जास्त तापतो. एकमेकींवर आडव्या रचलेल्या एलपी अशा उष्णतेत वाकतात, आणि एकदा वाकलेली तबकडी पूर्ववत होणे फार अवघड असते. घरातल्या सर्वांत थंड खोलीत, ज्या भिंतीवर दुपारचे ऊन येत नाही तिच्याकडेच्या कपाटात, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. आपल्याकडची कोरडी हवा मात्र कव्हरांना मानवते. मुंबईच्या दमट घरांतून आलेल्या कव्हरांवर बुरशीचे जे डाग दिसतात, ते इथे जतन केलेल्या कव्हरांवर मला क्वचितच दिसले आहेत.

सर्वप्रथम त्या ७८च्या तबकडीविषयी. ती बीटल्सची असेल, तर आपल्या हाती जी वस्तू आहे ती इंग्लंडमधल्या त्यांच्या चाहत्यांना कधी दुकानात मिळालीच नाही. बीटल्सचे पहिले सिंगल १९६२च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाले, तोवर तिथे ७८च्या तबकड्यांचे उत्पादन थांबले होते. भारतात मात्र चावीवर चालणारे ग्रामोफोन असंख्य घरांत होते आणि खेडोपाडी वीज पोहोचलेली नव्हती, म्हणून ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत ७८च्या तबकड्या काढणे सुरू ठेवले, आणि त्यांत पार्लोफोनच्या लेबलखाली बीटल्सची गाणीही होती. ज्या वाद्यवृंदाने साऱ्या जगाचे कान बदलले, त्याचे गाणे लाखेच्या ठिसूळ तबकडीवर, विजेविना, कर्ण्यातून वाजू शकत होते, ही कल्पनाच मला आजही थक्क करते. जगभरचे संग्राहक या भारतीय तबकड्या आवर्जून शोधतात. ‘मेड इन इंडिया’ या शब्दांनी इथे किंमत कमी होत नाही, उलट वाढते.

आता एलपींकडे वळू. कलकत्त्याजवळच्या डमडम येथील कारखान्यातून ज्या तबकड्या निघाल्या, त्यांना ‘नक्कल’ समजण्याची चूक अनेक जण करतात. तबकडी कशी बनते हे पाहिले की हा गैरसमज दूर होतो. स्टुडिओतल्या फितीवरून आधी लॅकरच्या मऊ थरावर खाचा कोरतात. त्यावर धातूचा मुलामा चढवून एक उलटा साचा मिळवतात, त्यावरून सुलटा साचा आणि त्यावरून पुन्हा उलटा, दाब देणारा साचा तयार होतो. हा शेवटचा साचा, म्हणजे स्टँपर, ठरावीक संख्येनंतर झिजतो आणि बदलावा लागतो. म्हणजे तबकडीचा आवाज बऱ्याच अंशी मूळ खाचा कोणी कोरल्या आणि साचा किती ताजा होता यावर ठरतो. दाब कोणत्या गावात दिला गेला, ही त्यानंतरची बाब आहे.

हे आपल्याला स्वतःच्या डोळ्यांनी तपासता येते. खिडकीपाशी तिरप्या उजेडात तबकडी धरा आणि गाणे संपल्यावर लेबलापर्यंत जो गुळगुळीत काळा पट्टा उरतो तो पाहा. तिथे अक्षरे आणि आकडे उमटवलेले असतात. इंग्लंडमधल्या मूळ प्रतींवर मोनोसाठी (सगळा आवाज एकाच वाहिनीत) ‘एक्सईएक्स’ आणि स्टिरिओसाठी (आवाज डाव्या-उजव्या दोन वाहिन्यांत) ‘वायईएक्स’ ही आद्याक्षरे असतात. उदाहरणार्थ, बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर’ या एलपीच्या पहिल्या बाजूचा क्रमांक ६३७ आहे आणि दुसऱ्या बाजूचा ६३८. क्रमांकापुढच्या आडव्या रेघेनंतरचा आकडा ते कोरीवकाम कितवे हे सांगतो. आपल्या भारतीय प्रतीवर हाच क्रमांक तशाच यंत्राच्या ठशाने उमटलेला असेल, तर तिची वंशावळ थेट लंडनपर्यंत जाते. इंग्रजी प्रतींवर लेबल सरळ धरल्यावर उजव्या हाताला आणखी एक-दोन बारीक अक्षरे असतात. ती ‘जी, आर, ए, एम, ओ, पी, एच, एल, टी, डी’ या दहांपैकी असतात आणि अनुक्रमे एक ते नऊ व शून्य हे अंक दर्शवतात. एकटा ‘जी’ असेल तर पहिला साचा, ‘जीआर’ असेल तर बारावा. कारखान्यातल्या कामगारांसाठी केलेली ही खूण पन्नास-साठ वर्षांनंतर आपण माजघरात बसून वाचू शकतो, आणि जुन्या तबकड्यांच्या ओढीचे एक ठोस कारण मला इथेच सापडते.

दुसरे कारण ध्वनीचे आहे. १९६७ साली ‘सार्जंट पेपर’ निघाले तेव्हा बहुतेक घरांत एकच स्पीकर असलेले यंत्र होते, त्यामुळे बीटल्स आणि त्यांचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी आपला वेळ मुख्यतः मोनो मिश्रणावर घालवला आणि स्टिरिओचे काम तुलनेने झटपट उरकले गेले. दोन्हींतला फरक कानाला सहज जाणवतो. घर सोडून निघालेल्या मुलीचे जे गाणे पहिल्या बाजूवर आहे, ते मोनो प्रतीत स्टिरिओपेक्षा जलद आणि वरच्या सुरात आहे. स्टिरिओत ते संथ आणि अधिक उदास वाटते. माझ्या मते मोनोतला वेगच त्या गाण्याला शोभतो, कारण त्यात रडगाणे उरत नाही. आपल्या एलपीच्या लेबलवरचा क्रमांक ‘पीएमसी’ने सुरू होत असेल तर ती मोनो आहे, ‘पीसीएस’ने असेल तर स्टिरिओ.

माझे काका गिरणीच्या कचेरीत नोकरीला होते आणि कामानिमित्त मुंबईला गेले की काळाघोड्याच्या रिदम हाऊसमधून एखादी तबकडी घेऊन येत. परदेशी एलपी आयात निर्बंधांमुळे सामान्य नोकरदाराच्या आवाक्याबाहेर होत्या, म्हणून डमडमची प्रत हाच एकमेव मार्ग होता. रेल्वे लाइन्समधल्या त्यांच्या खोलीत एचएमव्हीचा फिएस्टा प्लेअर होता. भावगीते आणि नाट्यपदे झाली की काका तबकडी कडांनी धरून काढत, रुमालाने एकदा पुसत आणि मग बीटल्स लावत. ‘सार्जंट पेपर’मध्ये हार्मोनियम-तबल्याला सरावलेल्या आम्हा मुलांना लगेच ओळखीची वाटलेली जागा म्हणजे दुसऱ्या बाजूचे पहिले गाणे, ज्यात जॉर्ज हॅरिसन यांच्या साथीला लंडनमधले भारतीय वादक दिलरुबा आणि तबला वाजवतात. पुढे जानेवारी १९६८मध्ये हॅरिसन यांनी मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत येऊन ध्वनिमुद्रण केले, आणि त्यात शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्यासारखे कलावंत होते. हे संगीत आमच्यापर्यंत आले ते डमडमच्या कारखान्यातून आणि गिरणीच्या पगारातून. आपल्या वडिलांच्या तबकड्यांनाही असाच काही प्रवास असणार, आणि तो कोणत्याही नव्या प्रतीसोबत मिळणार नाही.

नव्या प्रती वाईट आहेत असे मी मुळीच म्हणत नाही, फक्त काय घेत आहोत हे माहीत असावे. २०१२च्या स्टिरिओ एलपी २००९च्या डिजिटल संस्करणावरून कोरल्या आहेत. २०१४चा मोनो संच मात्र मूळ फितींवरून, संगणकाचा टप्पा न घेता तयार केला गेला, आणि तो मिळाल्यास जरूर घ्यावा. २०१७च्या आवृत्तीत जॉर्ज मार्टिन यांचे पुत्र जाइल्स मार्टिन यांनी ‘सार्जंट पेपर’चे मिश्रणच नव्याने केले आहे. ते ऐकायला सुंदर आहे, पण आपल्या वडिलांनी जे ऐकले ते हे नव्हे.

वाजवण्यापूर्वी तबकड्या धुवाव्या लागतील, कारण माळ्यावरची धूळ तशीच ठेवून सुई टेकवली तर ती खाचा खरवडते. बोअरचे पाणी अजिबात वापरू नका, आपल्याकडच्या पाण्यातला क्षार वाळल्यावर खाचेतच बसतो. बॅटरीच्या दुकानात मिळणारे डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांडी धुण्याच्या द्रव साबणाचा एखादा थेंब, आणि मऊ ब्रश खाचांच्या दिशेने गोल फिरवणे, एवढे पुरते. शेवटी साध्या डिस्टिल्ड पाण्याने साबण काढून टाका आणि लेबल कोरडे ठेवा. ७८च्या लाखेच्या तबकडीला स्पिरिट किंवा अल्कोहोल लावू नका, लाख विरघळते. तिच्यासाठी सुईही वेगळी लागते, कारण तिची खाच एलपीच्या खाचेपेक्षा कितीतरी रुंद असते. योग्य सुई मिळेपर्यंत ती वाजवायचा मोह आवरा. एलपींसाठी जुने जड कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) टाळून दीड ते दोन ग्रॅम भाराने चालणारे घ्या. जुन्या यंत्रांवर वारंवार वाजून काही प्रतींच्या खाचा करड्या पडलेल्या असतात आणि मोठ्या आवाजाच्या जागी त्यांचा सूर फाटतो. तसे आढळले तर त्या एका शीर्षकाची नवी प्रत ऐकण्यासाठी जरूर घ्या, जुनी मात्र घरातच राहू द्या.

आपल्या तबकड्यांच्या काळ्या पट्ट्यावरचे क्रमांक आणि लेबलचा रंग इथे लिहून कळवलात, तर कोणती प्रत साधारण कोणत्या काळातली आहे हे मी आनंदाने सांगेन.